लघवीत प्रोटीन आहे, पण कोणते? लाइट चेन, अमायलॉइड आणि मूत्रपिंड

बोरीकाठ (धागाकर्ता)
अमळनेर तालुक्यात गेली एकोणीस वर्षे मी रक्त-लघवी तपासणीची छोटी लॅब चालवतो. लघवीत प्रोटीन सापडणे ही माझ्यासाठी रोजचीच गोष्ट आहे, आणि कदाचित म्हणूनच घरातल्या माणसाच्या लघवीतले प्रोटीन नेमके कोणत्या कारणाने जात आहे, याचा विचार मी उशिरा केला.

आमचे थोरले काका, ज्यांना सगळे घर आप्पा म्हणते, ६७ वर्षांचे आहेत. कपाशी आणि ज्वारीची कोरडवाहू शेती. दहा वर्षांपासून मधुमेह आहे, पण साखर गोळ्यांवर बऱ्यापैकी आटोक्यात असते. गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या पायांवर सूज दिसू लागली. नडगीवर अंगठा दाबला की खळगा पडायचा आणि चहा पिऊन होईपर्यंत तो तसाच राहायचा. विचारले की "माले काई व्हयेल नई" हे ठरलेले उत्तर. शेवटी नेहमीची चप्पल पायात जाईना, तेव्हा ते लॅबमध्ये आले.

लघवीच्या पट्टीवर प्रोटीन चार प्लस. चोवीस तासांच्या लघवीत ७.८ ग्रॅम. रक्तातले अल्ब्युमिन २.१, कोलेस्टेरॉल ३४०, मूत्रपिंडाचे काम मंदावले की वाढणारे क्रिएटिनिन मात्र १.१. मधुमेह असल्यामुळे "शुगरने किडनी गेली" असे निदान तोंडीच झाले आणि गोळ्या सुरू झाल्या. तरी चार गोष्टी मला खटकत होत्या. डोळ्यांचा पडदा तपासला, तर त्यावर मधुमेहाची एकही खूण नव्हती. आठ वर्षे चालू असलेली रक्तदाबाची गोळी बंद करावी लागली होती, कारण खाटेवरून उठताना दाब ९६ वर येऊन त्यांना घेरी येत होती. जिभेच्या दोन्ही कडांवर दातांचे ठसे उमटलेले होते. आणि एकदा नुसते डोळे चोळल्यावर पापण्यांवर जांभळे डाग पडले होते.

मोठ्या शहरातल्या एका रुग्णालयात सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तातली प्रथिने विजेने वेगळी करून पाहण्याची तपासणी) झाले. आलेखात बँड (एकाच प्रथिनाचा ठळक पट्टा) नाही, म्हणून मायलोमा (अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कर्करोग) नाही, म्हणून हा मधुमेहच, असे सांगून आम्हाला परत पाठवले. चार महिने त्यातच गेले. नंतर मी स्वतः आग्रह धरून फ्री लाइट चेनची, म्हणजे प्रतिपिंडांच्या रक्तात मोकळ्या फिरणाऱ्या हलक्या साखळ्यांची, तपासणी करून घेतली. कॅपा १४.८ आणि लॅम्डा १८६ मिलिग्रॅम प्रति लिटर; कॅपा-लॅम्डा गुणोत्तर ०.०८.

माझा प्रश्न असा आहे. मायलोमाच्या रुग्णांमध्ये हा आकडा हजारोंत गेलेला मी पाहिला आहे आणि त्यातल्या काहींची मूत्रपिंडे शाबूत होती. मग १८६ एवढ्या किरकोळ आकड्याने मूत्रपिंडाच्या चाळणीची इतकी नासाडी कशी होते? की मी चुकीच्या दिशेने चाललो आहे?

केळीपान
मी मूळचा यावल तालुक्यातला असून सध्या नाशिकला मूत्रपिंडविकारांचा डॉक्टर म्हणून काम करतो. तुमची दिशा चुकीची नाही. रुग्णाला न पाहता निदान देणे योग्य नव्हे, पण तुम्ही लिहिलेल्या चार खुणा आणि ते गुणोत्तर एकत्र वाचले, तर एएल अमायलॉइडोसिसचा, म्हणजे लाइट चेनचे तंतू अवयवांत साचण्याच्या रोगाचा, विचार सर्वांत आधी करायला हवा. उभे राहताच दाब पडणे, जुनी रक्तदाबाची गोळी अचानक नकोशी होणे, जीभ जाड होणे, पापण्यांवर रक्त उतरणे, यांतले काहीही मधुमेही मूत्रपिंडाच्या नेहमीच्या कथेत सहजी बसत नाही. शेवटच्या दोन खुणा फार थोड्या रुग्णांत दिसतात, पण दिसल्या तर त्या जवळजवळ बोलक्याच असतात.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. आपल्या अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशी प्रतिपिंडे बनवतात. प्रत्येक प्रतिपिंडात दोन जड साखळ्या आणि दोन हलक्या साखळ्या असतात. या हलक्या साखळ्या म्हणजेच लाइट चेन. त्यांचे दोन प्रकार, कॅपा आणि लॅम्डा. पेशी लाइट चेन गरजेपेक्षा थोड्या जास्तच बनवते आणि जोडणी न मिळालेल्या साखळ्या रक्तात मोकळ्या सोडते. निरोगी माणसातही हे रोज घडते. या मोकळ्या साखळ्या इतक्या लहान असतात की मूत्रपिंडाच्या चाळणीतून त्या सहज उतरतात, आणि पुढच्या नलिकेच्या पेशी त्यांना आत ओढून पचवून टाकतात. म्हणून निरोगी लघवीत त्या नाममात्रच सापडतात. पूर्ण आयजीजी प्रतिपिंड रक्तात सुमारे तीन आठवडे टिकते. मोकळी लाइट चेन काही तासांतच नाहीशी होते.

प्लाझ्मा पेशींचा एकच वंश वाढू लागला की तो एकाच घडणीची साखळी सतत ओतत राहतो. ही साखळी किती आहे, यापेक्षा ती कशी आहे, हे येथे निर्णायक ठरते. अमायलॉइड करणाऱ्या साखळीच्या बदलत्या भागात असे काही अमिनो आम्ल बदललेले असते की तिची घडी अस्थिर होते. ती उलगडते, चुकीच्या पद्धतीने पुन्हा दुमडते आणि शेजारणीला चिकटते. त्यातून सुमारे दहा नॅनोमीटर जाडीचे ताठ तंतू तयार होतात. शरीराच्या सफाई यंत्रणेला ते तंतू लवकर मोडता येत नाहीत. दररोज थोडे थोडे साचत वर्ष-दोन वर्षांत चाळणीची भिंत त्यांनी भरून जाते. अनेक रुग्णांच्या मज्जेत या पेशी जेमतेम १० टक्के किंवा त्याहूनही कमी असतात. म्हणूनच आलेखात बँड दिसत नाही. "बँड नाही म्हणून रोग नाही" हे वाक्य मी माझ्या विद्यार्थ्यांच्या तोंडून ऐकले की त्यांना थांबवतो. इलेक्ट्रोफोरेसिस, रक्त आणि लघवी दोन्हींचे इम्युनोफिक्सेशन (एकवंशी प्रथिन नेमके ओळखणारी तपासणी), आणि फ्री लाइट चेन, या सगळ्या तपासण्या एकत्रच मागवायच्या असतात.

एएल अमायलॉइडमध्ये लॅम्डाचे प्रमाण कॅपाच्या जवळपास तिपटीने जास्त आढळते, हेही तुमच्या अहवालाशी जुळते. पण लॅम्डा वाढला एवढ्यावर औषध सुरू करू नका. पन्नाशीपुढच्या साधारण ३ टक्के लोकांच्या रक्तात असा एकवंशी प्रथिनाचा निरुपद्रवी अंश सापडतो, आणि त्याच माणसाला मधुमेहामुळे मूत्रपिंडविकारही असू शकतो. ऊतीत अमायलॉइड दिसलेच पाहिजे, आणि ते कशाचे आहे हेही ठरलेच पाहिजे.

निवृत्त गुरुजी
मी शहाद्याचा. तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, म्हणून शब्दाशी अडतो. अमायलॉइड म्हणजे स्टार्चसारखे, असा अर्थ मला लागतो. प्रथिनाला पिठाचे नाव कसे काय मिळाले?

केळीपान
गुरुजी, ती एक जुनी गफलत आहे. १८५४ मध्ये जर्मन रोगशास्त्रज्ञ फिरखो यांनी अशा ऊतीवर आयोडीन टाकले आणि रंग बटाट्याच्या फोडीवर बदलतो तसा बदलला, म्हणून त्यांनी हे नाव दिले. पदार्थ प्रथिनाचा आहे हे पुढे लवकरच कळले, पण नाव चिकटले ते चिकटलेच. आज आयोडीनची जागा काँगो रेड या कापड रंगवण्याच्या रंगाने घेतली आहे. ऊतीसाठी त्याचा वापर १९२२ पासूनचा. या रंगाने रंगवलेला काप ध्रुवित प्रकाशात पाहिला की अमायलॉइड हिरव्या सफरचंदासारखे चमकते. कापाची जाडी मात्र महत्त्वाची आहे. मूत्रपिंडाचे काप एरवी दोन-तीन मायक्रॉनचे घेतात; काँगो रेडसाठी आठ-दहा मायक्रॉनचा काप लागतो, नाहीतर थोडे साचलेले अमायलॉइड निसटून जाते.

यार्डातली
भुसावळहून लिहीत आहे. माझ्या आईच्या बाबतीत हीच लाइट चेन निघाली, पण प्रकार अगदी उलटा होता. गेल्या वर्षी मार्चपासून तिची कंबर दुखत होती. औषधांच्या दुकानातून डायक्लोफिनॅकच्या गोळ्या आणून ती घेत राहिली. मे महिन्यात आमच्याकडचा उन्हाळा कसा असतो हे खानदेशातल्या माणसाला सांगायला नको. त्यात दोन दिवस जुलाब झाले. आठवड्याभरात क्रिएटिनिन ५.२ झाले. पायाला सूज जवळजवळ नव्हती आणि लघवीच्या पट्टीवर प्रोटीन केवळ ट्रेस. आधी सगळ्यांनी उन्हाचा आणि गोळ्यांचाच परिणाम मानला. एका तरुण डॉक्टरने चोवीस तासांची लघवी मोजायला लावली, तेव्हा त्यात ६ ग्रॅम प्रोटीन निघाले. कॅपाचा आकडा ४,००० च्या वर होता. निदान मायलोमाचे झाले आणि मूत्रपिंडाच्या विकाराला त्यांनी कास्ट नेफ्रोपॅथी म्हटले. पट्टीवर ट्रेस आणि बाटलीत ६ ग्रॅम, हे कसे, हे मला आजही नीटसे कळलेले नाही. बोरीकाठ भाऊ, तुम्ही लॅबचे आहात म्हणून विचारते.

बोरीकाठ
ताई, याचे उत्तर पट्टीच्या रंगात आहे. तिच्या पिवळ्या चौकोनात असे रंगद्रव्य असते जे प्रथिन चिकटले की हिरवटनिळे होते, पण ते प्रामुख्याने अल्ब्युमिन या रक्तातल्या मुख्य प्रथिनालाच ओळखते. लाइट चेनला ते जवळजवळ दाद देत नाही. आप्पांची चाळणीच फाटली होती, म्हणून त्यांच्या लघवीतून अल्ब्युमिन वाहत होते आणि पट्टी गडद झाली. तुमच्या आईची चाळणी ठीक होती. लघवीत उतरत होती ती लाइट चेन, म्हणून पट्टी गप्प राहिली. चोवीस तासांच्या मोजणीची रासायनिक पद्धत सगळी प्रथिने धरते, तिथे ती सापडली. पूर्वी आम्ही प्रत्येक नमुन्यात सल्फोसॅलिसिलिक आम्लाचे थेंब टाकून गढूळपणा पाहायचो. ती बाटली आता बहुतेक लॅबमधून गेली आहे. तुमचे वाचून मी ती आजच पुन्हा मागवली.

डीएमएलटीला (लॅब तंत्रज्ञाच्या पदविकेला) असताना एकदा सरांनी मायलोमाच्या रुग्णाचा नमुना दाखवला होता, तो अजून डोळ्यांपुढे आहे. परीक्षानळी गरम पाण्यात धरली आणि तापमान पन्नास-साठच्या दरम्यान पोहोचले, तसा आत ताकासारखा पांढरा साका आला. पाणी उकळू लागल्यावर तो साका विरघळून लघवी पुन्हा नितळ झाली. नळी बाहेर काढून निवू दिली, तसा तो परत आला. अल्ब्युमिन एकदा गोठले की उकडलेल्या अंड्यासारखे गोठलेलेच राहते. हे प्रथिन तसे वागत नाही. लंडनच्या हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे १८४५ मध्ये एका व्यापाऱ्याची अशीच लघवी तपासायला आली होती. त्यांनी केलेले वर्णन पुढे छापून आले आणि त्या प्रथिनाला त्यांचेच नाव मिळाले. ते प्रथिन म्हणजे प्रतिपिंडाची हलकी साखळी होय, हे एडेलमन आणि गॅली यांनी १९६२ मध्ये दाखवून दिले. मधली शंभराहून अधिक वर्षे ते नुसते एक चमत्कारिक प्रथिन होते. ही उकळण्याची तपासणी आता कोणी निदानासाठी वापरत नाही, कारण कमी प्रमाणातली साखळी तिच्यातून सुटते.

केळीपान
बोरीकाठ यांनी पट्टीचे बरोबर सांगितले. यार्डातली ताई, तुमच्या आईच्या बाबतीत हानी संख्येने केली. नलिकेच्या पेशींची पचवण्याची क्षमता संपली की उरलेली लाइट चेन पुढच्या भागात जाते. तिथे मूत्रपिंड स्वतःच युरोमोड्युलिन नावाचे चिकट प्रथिन बनवत असते. दोन्ही एकमेकांना धरतात आणि नलिकेत घट्ट बोळे बसतात; हेच ते कास्ट. साधारणपणे रक्तातील साखळी ५०० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या पुढे गेल्याशिवाय असे होत नाही. लघवी जितकी दाट, तितके बोळे लवकर बसतात. जुलाब, अंगातले पाणी कमी होणे, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि सीटी स्कॅनचे इंजेक्शन, यांतले काहीही ठिणगी टाकू शकते. उन्हाने मूत्रपिंड गेले असे म्हणणारे अगदी चुकले नव्हते, ते अर्ध्यावर थांबले एवढेच.

तिसरा एक प्रकारही सांगतो, कारण मधुमेहाशी त्याची गल्लत सर्वांत जास्त होते. त्यात साखळी तंतू न बनवता कणांच्या स्वरूपात चाळणीच्या पडद्यावर साचते. बहुतेकदा ती कॅपा असते. तिच्या उपद्रवाने चाळणीत गाठी वाढतात आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्या हुबेहूब मधुमेहाच्या गाठींसारख्या दिसतात. काँगो रेड लागत नाही. बायोप्सीचा तुकडा इम्युनोफ्लुरोसन्ससाठी (साचलेली साखळी कोणती हे चमकवून दाखवणाऱ्या तपासणीसाठी) वेगळा ठेवला नसेल, तर अहवालात "मधुमेही मूत्रपिंड" असे लिहून येते आणि रुग्ण साखरेचे पथ्य पाळत बसतो. म्हणून आपल्या गावाहून बायोप्सी बाहेर पाठवताना सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकू नये. एक भाग त्यासाठीच्या वेगळ्या द्रवात आणि एक भाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी ग्लुटाराल्डिहाइडमध्ये जायला हवा. कुरियर निघण्यापूर्वी बाटल्या मोजाव्यात.

पांझरा
धुळ्याहून लिहितो. हा धागा वाचून घाबरलो आहे. माझ्या सासऱ्यांचे क्रिएटिनिन मधुमेहामुळे कित्येक वर्षांपासून वाढलेले असून आता ३.४ आहे. कोणीतरी फ्री लाइट चेन करायला सांगितली. कॅपा ७१, लॅम्डा ३४, गुणोत्तर २.१. अहवालावर लाल अक्षरात "जास्त" असे छापले आहे, कारण त्यांची मर्यादा १.६५ आहे. यांनाही तेच आहे का?

केळीपान
पांझरा, घाबरू नका. दोन्ही साखळ्या बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंड करते, त्यामुळे ते मंदावले की दोन्हींचे आकडे चढतात. कॅपा बहुधा एकेकटी फिरते आणि लॅम्डा जोडीने, म्हणून निरोगी मूत्रपिंड कॅपाला अधिक वेगाने बाहेर काढते. शरीर कॅपा जवळपास दुप्पट बनवते, तरी निरोगी रक्तात लॅम्डा किंचित जास्त दिसते, ती यामुळेच. मूत्रपिंड थकले की कॅपाचा हा फायदा जातो आणि गुणोत्तर वर सरकते. अशा रुग्णांसाठी ०.३७ ते ३.१ ही वेगळी मर्यादा पूर्वीपासून वापरली जाते. तुमच्या सासऱ्यांचे २.१ त्यात बसते. इम्युनोफिक्सेशन स्वच्छ असेल, तर त्यांच्या डॉक्टरांना हा अहवाल दाखवून विषय तिथेच थांबवता येईल. लाल अक्षर छापणाऱ्या यंत्राला क्रिएटिनिन ठाऊक नसते.

निवृत्त गुरुजी
एक व्यावहारिक प्रश्न. आमच्याकडे लघवीत प्रोटीन म्हटले की घरातले डाळ, शेंगदाणे, सगळे बंद करतात. ही साखळी खाण्यातून वाढते का? आणि डायलिसिसने ती काढून टाकता येत नाही का?

केळीपान
खाण्यातून ती अजिबात वाढत नाही. ती मज्जेतच बनते. आप्पांसारख्या रुग्णाच्या अंगातले अल्ब्युमिन आधीच वाहून गेलेले असते, त्याला कळण्याच्या भाकरीबरोबर वाटीभर वरण मिळालेच पाहिजे. मीठ मात्र कमी करावे लागते, म्हणजे पापड, लोणचे आणि शेव सोडावी लागते. खानदेशी माणसाला ही खरी शिक्षा आहे. सूज असताना पाणी किती प्यावे, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे, कारण कास्टच्या रुग्णाला भरपूर पाणी आणि अमायलॉइडच्या रुग्णाला बेताचे, असा सल्ला परस्परविरोधी असू शकतो.

डायलिसिस काही तास चालते आणि मज्जेतला कारखाना चोवीस तास. साखळीचा बराचसा साठा रक्ताबाहेरच्या पाण्यात असल्यामुळे डायलिसिस संपताच आकडा पुन्हा चढू लागतो. कारखाना थांबवणे हाच उपाय आहे. त्यासाठी बोर्टेझोमिब, सायक्लोफॉस्फमाइड आणि डेक्सामेथासोन दिले जातात, आणि शक्य असेल तेथे डॅराटुमुमॅब; त्याच्यासह चार औषधांच्या योजनेला अमेरिकेत जानेवारी २०२१ मध्ये एएल अमायलॉइडसाठी मान्यता मिळाली. बोर्टेझोमिब भारतीय कंपन्या बनवतात, त्यामुळे ते आवाक्यात आले आहे. डॅराटुमुमॅबचा खर्च अजून जड आहे.

बोरीकाठ, एक गोष्ट आधीच सुचवायला हवी होती. बायोप्सीपूर्वी आप्पांचे पीटी आणि एपीटीटी, म्हणजे रक्त गोठण्याच्या तपासण्या, करून घ्या. अमायलॉइड रक्त गोठवणारा दहावा घटक शोषून घेऊ शकते. आणि एनटी-प्रोबीएनपी, ट्रोपोनिन व टूडी एको या हृदयाच्या तपासण्या टाळू नका. या रोगात मूत्रपिंडासाठी डायलिसिस तरी असते. रुग्ण किती जगेल हे बहुधा हृदय ठरवते. आधी पोटाच्या कातडीखालची चरबी सुईने काढून काँगो रेड करून पाहा. चरबी आणि मज्जा मिळून बऱ्याच रुग्णांचे निदान मूत्रपिंडाला सुई न लावताच होते.

बोरीकाठ
पाच आठवड्यांनी लिहीत आहे. चरबीचा नमुना नकारात्मक आला. पीटी ठीक होता, म्हणून मूत्रपिंडाची बायोप्सी मुंबईत झाली. तुम्ही सांगितल्याप्रमाणे तीन बाटल्या मी स्वतः मोजल्या. काँगो रेड सकारात्मक. इम्युनोफ्लुरोसन्समध्ये लॅम्डा चमकली आणि कॅपा नाही. आप्पांना तरुणपणी क्षयरोग होऊन गेला होता आणि आपल्या देशात जुन्या क्षयामागून येणारे एए अमायलॉइड (लाइट चेनचे नसलेला, दीर्घ दाहातून होणारा प्रकार) पुष्कळ पाहिले गेले आहे, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी एएची चाचणीही लावली. ती नकारात्मक निघाली. मज्जेत प्लाझ्मा पेशी ८ टक्के. हृदयाची भिंत थोडी जाड झाली आहे, एनटी-प्रोबीएनपी ७१० आहे.

बोर्टेझोमिबची पहिली चार इंजेक्शने झाली आहेत. लॅम्डा १८६ वरून ६१ वर आला. लघवीतले प्रोटीन मात्र ७.८ चे ७.४ एवढेच झाले आहे, त्यामुळे घरातले नाराज आहेत. आप्पा स्वतः खुशीत आहेत, कारण जुनी चप्पल पुन्हा चढू लागली. ते श्रेय लघवी वाढवणाऱ्या गोळीचे आहे, हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही.

यार्डातली
भाऊ, वाचून बरे वाटले. आईचे डायलिसिस तिसऱ्या महिन्यात सुटले. क्रिएटिनिन २.३ वर टिकून आहे. घरातल्या सगळ्या वेदनाशामक गोळ्या मी एका डब्यात घालून कुलूप लावले आहे.

केळीपान
बोरीकाठ, घरच्यांना सांगा की हे अपेक्षितच आहे. साखळीचा आकडा आठवड्यांत उतरतो, पण साचलेले तंतू शरीर फार सावकाश काढते. लघवीतले प्रोटीन उतरायला सहा महिने ते वर्ष आणि कधी त्याहूनही जास्त काळ लागतो. सहा महिन्यांनी ते ३० टक्क्यांनी उतरले आणि क्रिएटिनिन जागेवर राहिले, तरी आम्ही मूत्रपिंडाने प्रतिसाद दिला असे मानतो. तोवर रोज सकाळी वजन आणि उभे राहून मोजलेला रक्तदाब वहीत लिहून ठेवा.

आणि लॅम्डा दर वेळी त्याच लॅबमधून, त्याच पद्धतीने करून घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. तुम्ही लॅबवाले असल्यामुळे हे वेगळे सांगायला नको होते, पण आप्पांची फाइल उद्या तुमच्याऐवजी त्यांचा मुलगा घेऊन जाईल.

बोरीकाठ
फाइलच्या पहिल्या पानावर किटचे नाव आणि लॅबचे नाव मोठ्या अक्षरात लिहून ठेवले आहे.